‘७.६ टक्के’ म्हणजे नेमकं काय? किशोरवयीन गरोदरपणाचा आकडा कसा वाचायचा

तुमच्याही मोबाइलवर असं कार्ड कधीतरी आलं असेल. मागे पाठमोऱ्या मुलीचा धूसर फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली गरोदर!’

खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. एक म्हणतो, “अजून द्या मुलींच्या हातात मोबाइल.” दुसरी म्हणते, “संस्कारच राहिले नाहीत.” आणि ग्रुप रत्नागिरीचा असेल तर तिसरी प्रतिक्रिया हमखास येते: “हे तिकडे घाटावर चालत असेल, आपल्या कोकणात असलं काही नाही.”

७.६ हा आकडा खरा आहे आणि सरकारी सर्वेक्षणातला आहे. पण कार्डावरची ओळ अर्धवट आहे आणि तिन्ही प्रतिक्रियांनी त्यातून चुकीचा अर्थ काढलाय. तो कसा, ते बघूया.

आकडा आला कुठून?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. आपण बोलतोय ती पाचवी फेरी, २०१९-२१ ची.

महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं. म्हणजे आकडा कोविडच्या आधीचा आहे. राज्यातल्या ३१,६४३ घरांमध्ये आणि १५ ते ४९ वयाच्या ३३,७५५ महिलांकडून माहिती घेतली गेली.

त्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ज्या आधीच आई झाल्या होत्या किंवा मुलाखतीच्या वेळी गरोदर होत्या, त्यांचं प्रमाण ७.६ टक्के निघालं. साधारण दर १३ मुलींमागे एक. कार्डावर फक्त ‘गरोदर’ लिहिलेलं असतं. मूळ आकड्यात बाळ झालेल्या मुलीही आहेत.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, या मुलींपैकी बहुतेक जणी विवाहित असतात. म्हणजे ‘मोबाइलमुळे बिघडलेल्या मुली’ हा अर्थ या आकड्यातून निघतच नाही. घरच्यांनी मांडव घालून, पंगत उठवून लावलेली लग्नंच यात जास्त दिसतात.

दुसरी, १५ ते १९ या गटात १८ आणि १९ वर्षांच्या मुलीही येतात. त्या कायद्याने सज्ञान आहेत. त्यामुळे ७.६ टक्क्यांमधली प्रत्येक मुलगी म्हणजे कायदा मोडल्याचं उदाहरण, असंही नाही.

तिसरी, चौदा वर्षांची मुलगी या आकड्यात नाही, कारण प्रश्न १५ च्या पुढेच सुरू होतात. जिचा गर्भ पडला किंवा जिने गर्भपात करून घेतला आणि मुलाखतीच्या वेळी जिला मूल नव्हतं, तीही यात नाही.

थोडक्यात, हा आकडा एका बाजूने वाटतो तेवढा भयंकर नाही आणि दुसऱ्या बाजूने पुरेसा मोठाही नाही.

बालविवाह मोजताना २० वर्षांच्या मुलीला का विचारतात?

बालविवाहाचा आकडा काढताना सर्वेक्षक सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची लग्नं मोजत नाहीत. ते २० ते २४ वयाच्या महिलांना विचारतात, “तुमचं लग्न झालं तेव्हा वय किती होतं?” आणि त्यातल्या किती जणींचं लग्न १८ च्या आधी झालं, ते काढतात.

कारण सोपं आहे. आज सोळा वर्षांची असलेली आणि लग्न न झालेली मुलगी पुढच्या वर्षी बोहल्यावर चढू शकते. तिला ‘बालविवाह झाला नाही’ या रकान्यात आत्ताच टाकलं तर आकडा उगाच कमी दिसेल. विशी ओलांडलेल्या मुलीचं उत्तर मात्र पक्कं झालेलं असतं. शिवाय तेव्हा खरं वय सांगायची भीतीही थोडी कमी झालेली असते.

या पद्धतीने महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के आला. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, तो २६.३ होता. घट झाली, ही चांगली गोष्ट. पण या पद्धतीत एक मेख आहे. हा आकडा आजचा नसतो, काही वर्षांपूर्वी लागलेल्या लग्नांचा असतो. २०१९ मध्ये २४ वर्षांच्या असलेल्या मुलीचं लग्न २०१२ मध्येही झालेलं असू शकतं.

‘पुरोगामी महाराष्ट्र’ कुठे आहे?

देशाचा बालविवाहाचा आकडा २३.३ टक्के. महाराष्ट्र त्याहून थोडा बरा. पण १५ ते १९ वयातल्या मातृत्वाचा देशाचा आकडा ६.८ टक्के आहे आणि महाराष्ट्राचा ७.६. इथे आपण देशाच्या मागे आहोत. आधीच्या फेरीत राज्याचा आकडा ८.३ होता. म्हणजे चार वर्षांत एक टक्काही कमी झाला नाही.

राज्याच्या आत तर मोठी दरी आहे. त्याच सर्वेक्षणात परभणीत १८ च्या आधी लग्न झालेल्यांचं प्रमाण ४८ टक्के निघालं, बीडमध्ये ४३.७ टक्के. ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा तिथल्या आईबापांसमोरचा खरा प्रश्न असतो. कोयत्याला जोडपं लागतं, हेही त्यात येतं.

शाळेचा संबंधही स्पष्ट दिसतो. देशभरात कधीच शाळेत न गेलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये मातृत्वाचं प्रमाण १८ टक्के आहे. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या मुलींमध्ये ते ४ टक्के आहे. मोबाइलवर चर्चा करायचीच असेल तर त्याआधी गावापासून ज्युनियर कॉलेज किती लांब आहे आणि एसटी किती वाजता येते, यावर करायला हवी.

मग कोकणात खरंच ‘असलं काही नाही’?

कोकणात बालविवाहाचं प्रमाण मराठवाड्यापेक्षा बरंच कमी आहे, हे खरं. रत्नागिरी जिल्ह्यात मुली शिकतात, लग्नं उशिरा होतात. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ यात फरक आहे. जिल्ह्याचा आकडा वाचताना तीन अडचणी येतात.

एक, नमुना लहान असतो. राज्यातल्या ३३,७५५ महिला ३६ जिल्ह्यांत वाटल्या तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेनऊशेच्या आसपास येतात. त्यात १५ ते १९ वयाच्या मुली साधारण सहाव्या हिश्शाच्या, म्हणजे दीडशेच्या घरात. अशा गटात चार मुली इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडा अडीच टक्क्यांनी हलतो. म्हणून ‘आपला जिल्हा शेजारच्यापेक्षा एक टक्क्याने बरा’ अशी पोस्ट दिसली तर टाळ्या वाजवायची घाई करू नका.

दोन, मुंबई. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष कामाला मुंबईत. लग्न होऊन नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला गेलेली मुलगी रत्नागिरीच्या आकड्यात दिसत नाही. सर्वेक्षणात त्या घरचे नेहमीचे रहिवासी आणि आदल्या रात्री तिथे मुक्कामाला असलेले पाहुणे यांची नोंद होते. त्यामुळे तीच मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली असेल आणि नेमकं तेच घर नमुन्यात आलं, तरच ती इथे मोजली जाईल.

तीन, सरासरीखाली झाकली जाणारी माणसं. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं कोळसा पाडायला किंवा वीटभट्टीवर जातात. सर्वेक्षक घर बंद दिसलं तर पुन्हा येतात, पण चार महिने बंद असलेल्या झोपडीत किती वेळा येणार? आंब्याच्या बागेत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं किंवा बंदरावरच्या खोपटांत राहणारे परजिल्ह्यांतले मजूरही असेच निसटू शकतात. ‘आपल्या कोकणात नाही’ म्हणताना आपण कोणाला ‘आपलं’ धरतोय, हेही तपासायला हवं.

एका ओट्यावरचा प्रश्न

आता आकड्याच्या मुळाशी जाऊ. समजा, दापोली तालुक्यातलं एक घर. सर्वेक्षक ताई ओट्यावर बसलीय. घरात सतरा वर्षांची सून आहे. ताई सासूला म्हणते, “काकू, हिच्याशी जरा एकटीशी बोलायचंय.” काकू म्हणतात, “बोला की, मी कुठे मध्ये येतेय?” आणि तिथेच तांदूळ निवडत बसतात.

त्या मुलीने वय काय सांगावं?

नियम आहेत. महिलांची मुलाखत महिलाच घेते. संमती घ्यावी लागते. अविवाहित मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकांचीही परवानगी लागते. मुलाखत एकांतात व्हावी, अशी सूचना असते. पण आपल्या घरांत एकांत ही सर्वात महाग वस्तू आहे.

त्यात कायद्याची भीती. मुलीचं १८ च्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ च्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातून नवऱ्यालाही सूट नाही, असं स्पष्ट केलं. म्हणून वय ‘एकोणीस’ सांगितलं जातं. अविवाहित मुलगी तर बोलतच नाही.

हे फक्त सर्वेक्षणापुरतं असतं तर आकडा थोडा चुकला असता, एवढंच. पण हीच भीती दवाखान्याच्या दारातही उभी असते. अल्पवयीन मुलगी गरोदर असल्याचं कळलं की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून घरचे तिला उशिरा नेतात, लांबच्या गावी नेतात किंवा वय खोटं सांगतात. कोवळ्या वयातल्या गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त. त्यातच महाराष्ट्रात या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, हेही याच सर्वेक्षणातून दिसलंय. अशा मुलीसाठी दोन महिन्यांचा उशीर जिवावर बेतू शकतो.

हे माहीत असू द्या

२०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका आणि त्यापुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं. पालकांची लेखी संमती लागते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं नाव आणि ओळख डॉक्टरांनी पोलिसांना कळवायची गरज नाही. घटना कळवावी लागेल, नाव नाही. हे अनेक कुटुंबांना माहीतच नसतं.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. पाळी, रक्तक्षय, गर्भनिरोधन, मनावरचा ताण, यातलं काहीही तिथे विचारता येतं. कुठे बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ वर फोन करता येतो. तो २४ तास सुरू असतो.

आणि उपाय चालतात, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या एका आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. रोज संध्याकाळी तासभर. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष कमी वाटेल. पण सोळाव्या वर्षी मिळालेलं एक वर्ष म्हणजे दहावी-अकरावीचं वर्ष असतं.

शेवटी, रत्नागिरीचीच एक गोष्ट

१८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं होतं. त्याच वर्षी राधाबाई कर्वे बाळंतपणात गेल्या. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हे कुटुंब दापोलीजवळच्या मुरूडचं. याच र. धों. कर्व्यांनी पुढे १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यापायी खटलेही सोसले.

ज्या विषयावर उघड बोलायला सुरुवात करणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, त्या विषयावर ‘आपल्याकडे असलं काही नाही’ म्हणणं आपल्याला शोभत नाही.

पुढच्या वेळी ते कार्ड ग्रुपवर आलं तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं नक्की लिहा: यातल्या बहुतेक मुलींची लग्नं लावून दिलेली आहेत. ती आपणच लावलीत, आणि जेवूनही आलोय.