वहीतला चौथा रकाना

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोळ तालुक्यातून ते उतरायला लागलं तेव्हा घरांच्या भिंतींवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ उरली होती. दारोदारी भिजलेल्या गाद्यांचे ढीग, आणि सगळीकडे मेलेल्या जनावरांचा वास. एका शाळेच्या व्हरांड्यात आमचं औषधोपचाराचं शिबिर चालू होतं. मी कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो, पण त्या शिबिरात माझ्याकडे काम आलं ते एका शंभरपानी वहीचं.

रस्ते मोकळे होतील तसे बाहेरचे डॉक्टर येऊ लागले. पुण्या-मुंबईचे होतेच, कर्नाटकातून आणि गोव्यातूनही आले. स्वतःच्या गाडीत औषधांचे खोके भरून, कुणी बोलवायची वाट न बघता. प्रत्येकाला आधी माझ्या टेबलाशी यावं लागे. वहीत रकाने सहा: नाव, पदवी, कौन्सिल, नोंदणी क्रमांक, नूतनीकरणाची मुदत, मोबाइल. चौथा रकाना कोरा राहिला तर पेशंट तपासायचा नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

त्यावरून बोलणी खाल्ली. "बाहेर एवढी रांग लागलीय आणि तुम्ही कागद काय बघत बसलाय?" असं मला तावातावानं विचारलं गेलं. राग खरा होता. पण रांगेतल्या माणसाचं घर गेलेलं, कागदपत्रं गेलेली, तो समोर बसलेल्या पांढऱ्या कोटाला काहीही विचारणार नव्हता. त्याच्या वतीनं विचारणारं कुणीतरी हवं होतं.

तपासणी अवघड नसते. नोंदणी प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवायचं. नाव जुळतं का, पदवी तीच आहे का, मुदत संपली का, एवढं पाहायचं. आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एरवी कौन्सिलच्या वेबसाइटवर क्रमांक टाकला की खात्री होते. पण तिथं वीज नव्हती, मोबाइलची रेंज येत-जात होती. मग कोल्हापुरातल्या मित्राला फोन लावून क्रमांक वाचून दाखवायचा, त्यानं बघून उलट कळवायचं. रेंज असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर तासाचं.

कर्नाटकातून आलेल्या एका तरुण डॉक्टरकडे प्रमाणपत्राची ओली झेरॉक्स होती. क्रमांकातला एक आकडा शाईत विरघळलेला. खात्री होईपर्यंत तो चाळीस मिनिटं बाकावर बसून राहिला, एका शब्दानंही कुरकुरला नाही. आत गेल्यावर त्याचं मोल कळलं. शिरोळच्या सीमेलगतच्या गावांत घरात कन्नड बोलणारी माणसं पुष्कळ. दोन दिवस नुसतं "बरं हाय" म्हणणाऱ्या एका आजीनं त्याच्याशी कन्नडात बोलताना पायावरची जखम उघडून दाखवली. जखमेत चिखल होता.

आणखी एक जण एमबीबीएस झालेला, इंटर्नशिप संपलेली, पण कायम नोंदणी हातात यायची होती. हुशार मुलगा. त्याला पेशंट दिले नाहीत. त्यानं दिवसभर ओआरएसची पाकिटं मोजली, पाण्यात क्लोरिनचे थेंब किती टाकायचे ते घरोघरी सांगितलं. त्याला वाईट वाटलं असणार. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

बाहेरून आलेल्या प्रत्येकाबरोबर इथला एक माणूस बसे. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा. गरोदर बाई आणि लहान मुलांना ते द्यायचं नाही. हे डॉक्टरला ठाऊकच असतं. पण समोरची सून तीन महिन्यांची गरोदर आहे, हे गावातली आशाताईच सांगू शकते. मृत्यूचा दाखला आणि पोलिसकेस मात्र सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडेच. पुढे कोर्टात उभं राहायचं तर त्या वेळी इथं असणारा माणूस लागतो.

कायद्याचं म्हणाल, तर १९५६च्या मेडिकल कौन्सिल कायद्यानं देशाच्या रजिस्टरात नाव असलेल्या डॉक्टरला भारतात कुठंही प्रॅक्टिसचा हक्क दिला होता. तरी दुसऱ्या राज्यात कायमचं बस्तान बसवायचं तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी आणि जुन्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र लागतं. चार दिवसांसाठी आलेल्यानं काय करायचं, याचं सोपं उत्तर शिबिराच्या टेबलावर कुणाकडेच नव्हतं. नवा नॅशनल मेडिकल कमिशन कायदा राष्ट्रपतींच्या सहीनं मंजूर झाला तो ८ ऑगस्ट २०१९ रोजी; त्या दिवशी कोल्हापूर पाण्यात होतं.

डॉक्टरांनी राज्याच्या सीमा ओलांडणं आपल्याला नवं नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा जेजे आणि ससूनमधले डॉक्टर विमानानं तिकडे गेले. मे २०२०मध्ये मुंबईत कोरोनाचे पेशंट वाढले तेव्हा वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे डॉ. तात्याराव लहाने यांनी केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या, आणि तिथलं पथक अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात आलं. त्याच वर्षी २५ मार्चच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला सल्ला द्यायची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. सरकारनं बोलावलेल्या पथकाचे कागद सरकार बघतं. आपणहून धावून येणाऱ्याचे कागद कुणी बघायचे, हा प्रश्न गावातल्या टेबलावरच सुटतो.

ऑगस्ट २०२४मध्ये नॅशनल मेडिकल रजिस्टरचं पोर्टल सुरू झालं. देशभरातले सगळे डॉक्टर त्यावर आले तर माझ्यासारख्याचं निम्मं काम संपेल. पण पोर्टलला वीज लागते, रेंज लागते, आणि पुरात नेमक्या याच दोन गोष्टी आधी जातात. २०२१ला पंचगंगा पुन्हा चढली, पुढेही चढेल. म्हणून एक मागणी आहे. दर मे महिन्यात, नदी तळाशी असताना, जिल्ह्यानं बाहेरच्या इच्छुक डॉक्टरांची यादी करावी, त्यांचे क्रमांक तेव्हाच तपासून घ्यावेत आणि छापील प्रत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी. खर्च कागदाचा आणि चार दिवसांच्या फोनचा आहे.

आणि डॉक्टर मित्रांनो, मदतीला निघाल तेव्हा औषधांच्या खोक्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मुदतीतल्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत ठेवा. ती कोरडी असेल तर तुमचा पहिला पेशंट चाळीस मिनिटं आधी तपासला जाईल.