पत्रांतून उगवलेली मैदाने

मे १९४५ मध्ये ॲमस्टरडॅम शहर जर्मन सैन्याच्या ताब्यातून मुक्त झाले, तेव्हा त्याच्या जुन्या वस्तीतील घरांच्या रांगा पडलेल्या दातांसारख्या मधूनमधून रिकाम्या झालेल्या होत्या. ही पडझड केवळ बाँबवर्षावाने झालेली नव्हती. तेथे राहणारी ज्यू कुटुंबे मृत्युछावण्यांकडे नेण्यात आली होती आणि घरे ओस पडली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, ज्याला डच लोक आजही ‘उपासमारीचा हिवाळा’ म्हणतात, शहरात अन्न नव्हते आणि कोळसाही नव्हता. गारठलेल्या नागरिकांनी त्या रिकाम्या घरांतील जिने, तुळया आणि तक्तपोशी काढून चुलीत घातल्या. आधार गेल्यावर भिंती कोसळल्या. युद्ध संपले, तेव्हा उरल्या होत्या राडारोड्याने भरलेल्या, मालक परत न येणाऱ्या मोकळ्या जागा.

याच सुमारास शहरात बाळांचा जन्मदर वाढू लागला. घरांची टंचाई तीव्र होती, खोल्या लहान होत्या आणि मुलांना अंगण नव्हते. खेळण्यासाठी उद्याने अगदीच नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्थानिक मंडळे आपली क्रीडोद्याने चालवीत. परंतु त्यांना कुंपण असे, रखवालदार असे आणि आत जाण्यासाठी सभासदत्व लागे. ज्याच्या वडिलांनी वर्गणी भरलेली नाही, ते मूल फाटकाबाहेर. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतील ‘केवळ सभासदांसाठी’ असा फलक डोळ्यांपुढे आणला, की या व्यवस्थेची कल्पना येईल.

शहराच्या नगररचना विभागात त्या काळी याकोबा मुल्डर नावाच्या एक वास्तुविशारद वरिष्ठ पदावर होत्या. शहरालगतच्या विस्तीर्ण वनउद्यानाच्या आराखड्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रत्येक वस्तीत, कुंपणाविना, सर्व मुलांना मोफत खुली अशी छोटी खेळाची जागा असावी, हा विचार त्यांनी धरला आणि विभागात नव्याने दाखल झालेल्या आल्डो व्हान आयक या तरुणाकडे पहिल्या जागेचे काम सोपविले. सन होते १९४७ आणि जागा होती बेर्टेलमानप्लेइन नावाचा, चहूबाजूंनी घरे असलेला एक साधा चौक. व्हान आयकचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते.

त्याने तेथे जे केले, ते पाहून आजचा एखादा कंत्राटदार कदाचित हसेल. रुंद सपाट काँक्रीटच्या काठाचा एक वाळूचा हौद, त्यात चार गोल दगडी बैठका, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी नळ्यांचे आडवे दांडे, भोवती झाडे आणि पाच बाके. एवढेच. हौद चौकाच्या मध्यभागी न ठेवता त्याने एका कोपऱ्याकडे सरकविला, त्यामुळे उरलेली जागा पळण्यासाठी मोकळी राहिली. हौदाचा काठ रुंद असल्याने त्यावर मुले वाळूच्या भाकऱ्या थापीत आणि आया बसून गप्पा मारीत. बाके शोभेसाठी नव्हती. मोठी माणसे जेथे बसतात, तेथे लहानांना निर्धास्त खेळता येते, हा त्यामागील हिशोब होता.

या कथेतील खरा रंजक भाग यानंतर सुरू होतो. बेर्टेलमानप्लेइनची बातमी पसरली आणि महापालिकेकडे इतर वस्त्यांतील रहिवाशांची पत्रे येऊ लागली. आमच्या गल्लीच्या टोकाला अशी अशी जागा पडून आहे, आमचीही मुले आहेत, आम्हालाही असे मैदान हवे, असा त्यांचा आशय. पत्र आले की विभागाचे लोक ती जागा पाहून येत, ती योग्य असल्यास आराखडा तयार होई आणि पालिकेचे कामगार तो प्रत्यक्षात उतरवीत. हौद, दगड, दांडे, कमानी असे मोजकेच घटक पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने एकेका मैदानाचा खर्च आवाक्यात राही. मांडणी मात्र प्रत्येक जागेच्या आकाराप्रमाणे निराळी असे. १९४७ ते १९७८ या काळात व्हान आयकने अशी सातशेहून अधिक मैदाने आखली. १९५१ मध्ये त्याने पालिकेची नोकरी सोडली, तरी हे काम सोडले नाही.

नागरिकांचा सहभाग म्हटले की आज मोठ्या सभा, सादरीकरणे आणि समित्या डोळ्यांपुढे येतात. ॲमस्टरडॅममध्ये त्याचा आरंभ टपालाच्या पाकिटाने झाला. कोणती जागा वाया जात आहे, हे तेथे राहणाऱ्यांइतके कोणत्याही कचेरीस ठाऊक नसते. आणि पाठविलेल्या पत्राचे उत्तर प्रत्यक्ष वाळूच्या रूपाने मिळते हे एकदा दिसले, की पुढचे पत्र लिहिण्यास माणसे आपणहून बसतात. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांनी सुचविलेली प्रभागातील छोटी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली, तिच्या मुळाशीही हीच जाण आहे. अर्थात, अर्ज आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर किती, यावर अशा कोणत्याही योजनेचे आयुष्य अवलंबून असते.

व्हान आयकची साधनांविषयीची मते ठाम होती. हत्तीच्या किंवा हंसाच्या आकाराची खेळणी त्याला मान्य नव्हती. कारण हत्ती हा हत्तीच राहतो, मुलाने त्यात भर घालण्यास काही उरत नाही. लोखंडी नळ्यांचा घुमट मात्र सकाळी डोंगर असतो, दुपारी घर आणि संध्याकाळी गप्पांचा कट्टा. त्याच्या मनातील कल्पना हिमवर्षावावरून स्पष्ट होते. बर्फ पडला की काही काळ शहरातील वाहने मंदावतात, रस्ते मोकळे होतात आणि मुले शहराची धनी होतात. तेवढ्याच सहजतेने मुलांना शहर मिळावे, पण ते बर्फासारखे विरघळू नये, असे त्याने १९५० च्या दशकात मांडले. हिमवर्षाव न पाहिलेल्या वाचकाने एखाद्या ‘बंद’च्या दिवशी भर रस्त्यात मांडलेले क्रिकेटचे स्टंप आठवावेत.

१९५४ मधील डाइकस्ट्राट येथील मैदान या साऱ्या कामातील सर्वांत बोलके म्हणावे लागेल. दोन उंच घरांमध्ये एक घर नाहीसे होऊन पडलेली अरुंद पट्टी होती ती. काम होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांची जोडी आजही वास्तुकलेच्या पुस्तकांत छापली जाते. पहिल्यात उघड्या भिंती आणि उजाड जमीन, दुसऱ्यात त्याच भिंती आणि त्यांच्यामध्ये खेळणारी मुले. भिंतींवरील खुणा पुसण्याचा प्रयत्न व्हान आयकने केला नाही.

या कौतुकास एक मर्यादाही आहे. जागा रहिवासी सुचवीत, पण आराखडा व्हान आयक आपल्या टेबलावर करी. त्यासाठी वस्तीची बैठक भरत नसे आणि मुलांना तर कोणी विचारीतच नसे. ते बदलण्यास पुढची पिढी यावी लागली. १९७२ मध्ये त्याच शहरातील डे पाइप या दाटीवाटीच्या कामगार वस्तीतील मुलांनी आपल्या रस्त्यांवरील मोटारींविरुद्ध मोहीम काढली आणि खेळण्यासाठी रस्ता मागितला. डच दूरचित्रवाणीने त्यावर माहितीपट दाखविला. मुलांचे म्हणणे विचारात घ्यावे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमात आले, तर खेळण्याचा हक्क एकतिसाव्या कलमात. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

सातशेपैकी बहुसंख्य मैदाने आता राहिलेली नाहीत. पडीक जागांवर यथावकाश पुन्हा इमारती उभ्या राहिल्या. डाइकस्ट्राटचे मैदानही गेले. काही ठिकाणी मोटारी उभ्या राहू लागल्या, काही ठिकाणी देखभाल संपली आणि १९९० च्या दशकात खेळसाधनांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यावर काँक्रीट आणि लोखंडाची जागा रबरी फरशीने व रंगीत प्लॅस्टिकने घेतली. २०१३ मध्ये राइक्सम्युझियम हे देशाचे प्रमुख कलासंग्रहालय नूतनीकरणानंतर उघडले, तेव्हा त्याच्या बागेत व्हान आयकची काही साधने मांडण्यात आली. ती कलावस्तू असल्याचे मुलांना कोणी सांगितलेले दिसत नाही. ती त्यांवर उलटी लटकत असतात.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, नेदरलँड्समधीलच ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध झाला. मैदानावर उड्या मारण्यासाठी जे दगड रोवतात, ते सर्वसाधारणपणे एकमेकांपासून समान अंतरावर असतात. व्हान आयकच्या मैदानांतही ते बहुधा तसेच असत. त्याच्या प्रमाणबद्धतेच्या दृष्टीला ते रुचत असे. संशोधकांनी मुलांच्या हाती उड्यांचे ठोकळे दिले आणि त्यांना आपल्या मनाप्रमाणे मैदान रचण्यास सांगितले. मुलांनी समान अंतरे ठेवली नाहीत. काही ठोकळे जवळ, काही दूर, अशी त्यांची रचना होती. मोठ्यांना नीटनेटके वाटते ते मुलांना हवे असतेच असे नाही, हे व्हान आयकसारख्या संवेदनशील रचनाकारालाही विचारल्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता.

आपल्या वसाहतीतील उद्यानाच्या नूतनीकरणाचा ठराव जेव्हा सभेपुढे येतो, तेव्हा टेबलावर सहसा खेळसाधनांची छापील सूची असते आणि चर्चा घसरगुंडीच्या रंगापाशी व तीन दरपत्रकांपाशी संपते. दरपत्रके मागविण्यापूर्वी एका रविवारी त्याच जागेवर विटा, टायर, दोरखंड आणि खडू ठेवून मुलांना मोकळे सोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आजी-आजोबांना बाक कोठे हवे, दुपारी सावली कोठे पडते, पावसात पाणी कोठे साचते, हेही त्याच दिवशी कळते. संध्याकाळी विटा उचलण्यापूर्वी मुलांनी त्या कोठे मांडल्या होत्या, त्याचे टेपने माप मात्र घेऊन ठेवावे लागेल.