ऐकण्याचे शिक्षण : समुपदेशन-मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा परिचय

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर कशेळी, काल्हेर ही गावे मागे टाकली की पूर्णा हे गाव लागते. मूळच्या भातशेतीच्या या पट्ट्यात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. माल उतरविणारे, चढविणारे, त्याची नोंद ठेवणारे असंख्य हात येथे पाळीपाळीने राबत असतात. थोड्या अंतरावर भिवंडी शहरातील यंत्रमागांची खडखड चालू असते. अशा गावातील एखाद्या श्रमिक घरातील मुलगी पदवी-परीक्षेनंतर "मला समुपदेशनाचे शिक्षण घ्यायचे आहे" असे म्हणाली, तर घरातील वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतील. "बोलायला काय शिकायचे? समजुतीच्या चार गोष्टी तर आपली आजीसुद्धा सांगते!" असे कोणीतरी म्हणेलच. या प्रश्नाला अडाणीपणाचा प्रश्न म्हणून धुडकावून लावता येणार नाही. ज्या शिक्षणासाठी घरातील पाच-सहा वर्षांची कमाई खर्ची पडणार, त्यात नेमके काय शिकवितात, हे जाणून घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. प्रस्तुत लेख त्यासाठीच लिहिला आहे.

शब्द आणि त्यामागील शास्त्र

'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' दडलेला आहे आणि बराचसा गैरसमज तेथूनच सुरू होतो. वास्तविक या शिक्षणातील पहिला आणि सर्वांत अवघड धडा उपदेशाचा मोह आवरण्याचा असतो. समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यक्तीला मराठी पाठ्यपुस्तकांत 'सल्लार्थी' असे म्हटले जाते. परंतु तिला तयार सल्ला देणे हे समुपदेशकाचे मुख्य काम नव्हे. आपली अडचण तिला स्वतःला स्पष्ट दिसावी आणि निर्णय घेण्याचे बळ तिच्या ठायी यावे, यासाठी साहाय्य करणे, हे ते काम होय.

या विद्येचा उगम श्रमिकांच्या वस्तीशी निगडित आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना अगत्याची वाटेल. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली एक व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. कामाच्या शोधात असलेल्या तरुणांनी मिळेल त्या कामाला जुंपून न घेता प्रथम स्वतःच्या क्षमता ओळखाव्यात, नंतर कामाचे स्वरूप समजून घ्यावे आणि मग दोहोंचा मेळ घालावा, अशी त्यांची पद्धती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा या कार्याला वेग आला आणि १९५१ च्या सुमारास 'समुपदेशन-मानसशास्त्र' हे नाव रूढ झाले. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था अशा ठिकाणी समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

येथे तीन व्यवसायांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषधे देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा गंभीर मानसिक आजारांचे मापन व मानसोपचार यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेला असतो. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी होते. समुपदेशन-मानसशास्त्रज्ञाचे क्षेत्र मुख्यतः शिक्षण, नोकरी, विवाह, कुटुंब, वियोग, व्यसन अशा जीवनातील पेचप्रसंगांचे असते. तो औषध देत नाही. मात्र औषधाची गरज कोणाला आहे, हे त्याला वेळीच ओळखता आले पाहिजे.

अभ्यासाचा पाया

पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्याला मानसशास्त्राची सर्वसाधारण ओळख होते. बालपणापासून वार्धक्यापर्यंत मनाचा विकास कसा होतो, माणूस सवयी कशा लावून घेतो, स्मृती कशी कार्य करते, समूहात गेल्यावर वर्तन कसे बदलते, मनोविकारांची लक्षणे कोणती, हे विषय त्यात येतात. संख्याशास्त्र व संशोधनपद्धतीही शिकावी लागते. 'अमक्याला गुण आला, म्हणून हा उपाय खरा' असे म्हणणे आणि तो उपाय पुराव्याने सिद्ध करणे यांतील अंतर तेथे कळते. बुवाबाजीपासून हे शास्त्र वेगळे होते, ते याच ठिकाणी.

पदव्युत्तर दोन वर्षांत उपचारपद्धतींचा अभ्यास असतो. फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण असते. कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धती असते. सल्लार्थीविषयी निरपेक्ष आदर, त्याच्या जागी उभे राहून त्याचे अनुभव जाणण्याची समानुभूती आणि समुपदेशकाचा स्वतःचा सच्चेपणा या गोष्टींना रॉजर्स यांनी १९५७ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात उपचाराच्या आवश्यक अटींत स्थान दिले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती असते. 'असे घडलेच पाहिजे' या हटवादी विचारातून माणूस आपले दुःख कसे वाढवितो, हे ती दाखविते. महाराष्ट्रात तिचा परिचय व प्रसार करण्याचे श्रेय मुख्यत्वे कि. मो. फडके यांच्याकडे जाते.

मानसशास्त्रीय चाचण्या हा आणखी एक विषय. बिने व सिमॉन यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, व्ही. व्ही. कामत यांनी पुढे तिचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले. हे रूपांतर का करावे लागले, याचे उत्तर विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावयाचे असते. एका समाजातील मुलांवर प्रमाणित केलेली फूटपट्टी दुसऱ्या समाजातील मुलाला लावली, तर त्याची बुद्धी मोजली जाण्याऐवजी त्याला न मिळालेली संधी मोजली जाते, आणि शिक्का मात्र त्याच्या बुद्धीवर बसतो. ज्या समाजाला शतकानुशतके 'अपात्र' ठरविण्यात आले, त्या समाजातून येणाऱ्या विद्यार्थ्याने हा धडा कधी विसरू नये.

ऐकण्याचा सराव

या शिक्षणाचा गाभा पुस्तकांपेक्षा प्रात्यक्षिकात अधिक आहे. विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले जातात. एक समुपदेशक होतो, दुसरा सल्लार्थी आणि तिसरा निरीक्षक. संवाद ध्वनिमुद्रित करून नंतर तो शब्दशः लिहून काढावा लागतो. आपण किती वेळा मध्येच बोललो, कोठे घाई केली, कोणता शब्द कानावर पडूनही आपल्यापर्यंत पोहोचला नाही, हे त्या कागदावर लख्ख दिसते.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. गोदामात रात्रपाळी करणारा, गावाकडून आलेला एक तरुण म्हणतो, "ताई, झोपच लागत नाही. घरी पैसे पाठवायचे आणि इथे तर जीव रमत नाही." नवशिकी विद्यार्थिनी चटकन म्हणते, "झोपण्यापूर्वी मोबाईल पाहू नका." सल्ला चुकीचा नाही, परंतु तो तरुण गप्प होतो. दुसरी म्हणते, "काळजी करू नका, सगळे ठीक होईल." यावरही तो गप्पच राहतो, कारण आपले दुःख ऐकून घेण्याआधीच मिटविले गेले, असे त्याला वाटते. तिसरी क्षणभर थांबते आणि म्हणते, "घरची जबाबदारी तुम्ही एकट्याने उचलली आहे, आणि इथे मन मोकळे करायला कोणी नाही, असे काही होते आहे का?" आता तो बोलू लागतो. कदाचित बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाविषयी, कदाचित मुकादमाच्या शिवीगाळीविषयी. झोपेचा खरा धागा तेथे सापडतो.

शांतता सहन करणे हेही शिकावे लागते. समोरचा माणूस अर्धा मिनिट काही बोलला नाही, तर नवख्या समुपदेशकाला घाम फुटतो आणि तो काहीतरी विचारून बसतो. वास्तविक त्या अर्ध्या मिनिटात तो माणूस आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगण्याचे धैर्य गोळा करीत असतो.

पुढच्या टप्प्यात विद्यार्थी शाळा, रुग्णालय किंवा सामाजिक संस्थेत प्रत्यक्ष काम करतो. त्या प्रत्येक कामाची अनुभवी पर्यवेक्षकाबरोबर चर्चा व्हावी लागते. पर्यवेक्षणाविना समुपदेशन म्हणजे शिक्षकाविना शस्त्रक्रिया शिकण्यासारखे आहे.

गोपनीयता आणि संकट

सल्लार्थीने सांगितलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये, हा या व्यवसायाचा पहिला नियम. वस्तीत, जेथे एका घरातील बोलणे दुसऱ्या घरात ऐकू जाते, तेथे तर त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु या नियमालाही मर्यादा आहेत. जिवाला धोका असेल, तर मौन पाळता येत नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्यानुसार ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. या मर्यादा सल्लार्थीला पहिल्याच भेटीत सांगावयाच्या असतात.

आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारण्यास विद्यार्थ्याला शिकविले जाते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. उलट विचारणारा भेटल्याने माणसाचा भार हलका होतो. धोका दिसल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडणे, घातक साधने दूर करणे, विश्वासातील माणसाला बोलावणे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचविणे, हा क्रम शिकविला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले आहे. तिला शिक्षेऐवजी साहाय्य मिळावे, अशी कायद्याची दृष्टी आहे.

शरीराकडे दुर्लक्ष करू नये, हाही धडा महत्त्वाचा. सतत थकवा व उदासी रक्तक्षयामुळे किंवा कंठस्थ ग्रंथीच्या बिघाडामुळेही येते. अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडे पाठविणे हेच खरे समुपदेशन ठरते.

समुपदेशकाचे स्वतःचे मन

या शिक्षणात विद्यार्थ्याला स्वतःच्या मनाचीही झडती घ्यावी लागते. माझे राग कोणते, पूर्वग्रह कोणते, कोणाचे ऐकताना माझे कान आपोआप बंद होतात? भारतात हा प्रश्न जातीपाशी आल्याशिवाय राहत नाही. जात ही मुळात मनाची एक अवस्था आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध भाषणात मांडले होते. मनाचे शास्त्र शिकणाऱ्याने या विधानाकडे पाठ फिरवून कसे चालेल?

वसतिगृहातील एखादा विद्यार्थी सांगतो, "माझा गुणानुक्रम विचारून सगळे हसतात, जेवायला कोणी सोबत बसत नाही." समुपदेशक त्याला "तुम्ही आत्मविश्वास वाढवा, लोकांच्या बोलण्याचा त्रास करून घेऊ नका" असे सांगत असेल, तर तो अन्यायाचे रूपांतर पीडिताच्या दोषात करतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली आपला अहवाल दिला. अशी वागणूक ही केवळ विद्यार्थ्यांच्या मनाची कल्पना नसते, हे त्यातून पुढे आले. हटवादी विचार आणि खरा अपमान यांत भेद करता येणे, ही विवेकनिष्ठ पद्धतीचीही कसोटी आहे.

आजच्या अभ्यासक्रमांत सजगतेवर आधारलेल्या पद्धतीही आल्या आहेत. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी सुरू केलेल्या उपक्रमाचे मूळ बौद्ध परंपरेतील सतीच्या अभ्यासात आहे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त येतो. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण; त्या वेदनेवर मनाने केलेला आकांत हा दुसरा. समुपदेशन दुसरा बाण काढण्यास मदत करते. परंतु माणसानेच माणसावर पहिला बाण सोडलेला असेल, तर तो कोणी सोडला, हेही विचारावे लागते. तसेच, समुपदेशक बौद्ध असला तरी सल्लार्थीला धम्माचा उपदेश करण्याची ती जागा नव्हे. येणाऱ्याची श्रद्धा ही त्याची स्वतःची असते.

भाषा, आणि पालकांना दोन शब्द

पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. दुःख मात्र मातृभाषेत बोलते. भिवंडी परिसरात आगरी बोली, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषा नांदतात. येथील माणूस 'नैराश्य' हा शब्द वापरीत नाही. "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतं", "कशात मन लागत नाही" असे तो म्हणतो. कधी 'बाहेरची बाधा' म्हणतो. त्याला न हसता, त्याच्या शब्दांतून आजाराची खूण ओळखणे, हे कौशल्य वस्तीत वाढलेल्या विद्यार्थिनीकडे आधीच अर्धे असते. तिची बोली हा तिचा कमीपणा नसून तिची शिदोरी आहे.

मात्र काही आठवड्यांत 'समुपदेशक' बनविणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय? प्रत्यक्ष कामाचे तास किती? त्या कामावर पर्यवेक्षण कोण करणार? याची सरळ उत्तरे न मिळाल्यास पैसे भरू नयेत. आणि ज्यांना आजच मदतीची गरज आहे, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.

राहता राहिला आजीचा प्रश्न. आजीची माया कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही, हे खरेच. परंतु आजी आपल्या नातवाचे ऐकते. शिकलेल्या समुपदेशकाला परक्याचे, नावडत्याचे, आपल्याहून सर्वस्वी निराळ्या माणसाचेही तितक्याच आदराने ऐकावे लागते. ते आपोआप येत नाही, म्हणून ते शिकावे लागते. पूर्ण्याच्या एखाद्या घरातील लेक ते शिकण्यास निघाली, तर तिला अडवू नये.