स्क्रेपी रोग, प्रायॉन आणि उस्मानाबादी शेळी

धाराशिव जिल्ह्याचे जुने नाव आज देशभर ज्या एका गोष्टीमुळे पशुविज्ञानाच्या ग्रंथांतून टिकून राहिले आहे, ती म्हणजे येथील उस्मानाबादी शेळी होय. बहुधा काळ्या रंगाची, अल्प चाऱ्यावर तग धरणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा या अवर्षणप्रवण तालुक्यांतील अल्पभूधारकांचा मोठा आधार आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते याच अर्थाने. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूला ग्रासणाऱ्या एका विलक्षण रोगाचा आणि त्याच्या कारणाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा रोग या जिल्ह्यात आहे असे सुचविण्याचा हेतू मुळीच नाही. परंतु ज्या प्रदेशाची उपजीविका शेळीवर अवलंबून आहे, तेथील अभ्यासकांस या रोगाचे ज्ञान असणे इष्ट होय.

रोगाचे स्वरूप

या रोगास स्क्रेपी म्हणतात. खरडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले आहे. कारण रोगी जनावर कुंपणास वा भिंतीस अंग घासून लोकर किंवा केस झिजवून टाकते. ब्रिटनमध्ये 1732 पासून हा रोग ज्ञात आहे. पुढे जनावर लटपटू लागते, अंगास कंप सुटतो, खाणे चालू असूनही ते खंगत जाते आणि अखेरीस मरते. ताप येत नाही, रक्तात प्रतिद्रव्ये आढळत नाहीत. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा छेद पाहिला असता तो स्पंजाप्रमाणे छिद्रमय झालेला दिसतो.

क्युइये आणि शेल या फ्रेंच संशोधकांनी 1936 मध्ये हा रोग एका मेंढीपासून दुसऱ्या मेंढीस आणि 1939 मध्ये शेळीस देता येतो हे प्रयोगाने दाखविले. याच सुमारास ब्रिटनमध्ये एका निराळ्या रोगावरील लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार करून, फॉर्मॅलिनने निर्जंतुक करून, सुमारे 18,000 मेंढ्यांस टोचण्यात आली होती. सुमारे दोन वर्षांनी त्यांपैकी अनेक मेंढ्यांस स्क्रेपी झाला. ज्या फॉर्मॅलिनने सामान्य विषाणू नष्ट होतात, त्याने या रोगाचे कारण नष्ट झाले नव्हते.

हे कारण कोणते?

या प्रश्नाने संशोधकांस अर्धशतक चकविले. 1960 नंतरच्या दशकात टिकवा आल्पर यांनी असे दाखविले की, न्यूक्लिइक आम्लाचा नाश करणाऱ्या अतिनील किरणांचा या रोगकारकावर फारसा परिणाम होत नाही. जंतू असो वा विषाणू, त्याची प्रजा वाढते ती न्यूक्लिइक आम्लाच्या योगाने. मग न्यूक्लिइक आम्लावाचून वाढणारा हा पदार्थ कोणता? 1967 मध्ये ग्रिफिथ यांनी तो केवळ प्रथिन असू शकेल असा तर्क मांडला. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये त्या प्रथिनमय रोगकारकास ‘प्रायॉन’ हे नाव दिले, आणि 1997 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी होय. ही साखळी विशिष्ट रीतीने दुमडली म्हणजेच तिला तिचे कार्य करता येते. प्रायॉन प्रथिन हे निरोगी प्राण्याच्याही मज्जापेशींच्या पृष्ठभागावर असते. त्याच्या पुष्कळशा भागाची रचना मळसूत्री असते. रोगट रूपात अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, परंतु घडी बदलते आणि मळसूत्रांच्या जागी सपाट पट्ट्यांची रचना येते. असा एक विपरीत रेणू निरोगी रेणूशी संलग्न झाला की, त्यासही आपल्यासारखीच घडी घालण्यास भाग पाडतो. विरजणाच्या थेंबाने दुधाचे भांडे दही व्हावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच की, विरजणात सजीव जंतू असतात, येथे सजीव असे काहीच नाही. शरीर या रेणूंस परके मानत नाही, म्हणून प्रतिकारही होत नाही. त्यांची पुंजके बनत जातात, मज्जापेशी मरतात, आणि हे सर्व इतके सावकाश घडते की लक्षणे दिसण्यास दोन ते पाच वर्षे लागतात.

मनुष्य व इतर प्राणी

पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीत मृतांचे अवशेष भक्षण करण्याच्या विधीतून कुरू नावाचा रोग पसरला होता. त्याचे स्क्रेपीशी असलेले साम्य विल्यम हॅडलो यांनी 1959 मध्ये दाखवून दिले, आणि 1966 मध्ये गायड्युसेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुरू चिंपांझीत संक्रमित केला. क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग याच वर्गातील असून जगभर दरवर्षी दहा लाखांत एक ते दोन व्यक्तींस होतो. बहुतेक रुग्णांत तो आपोआप उद्भवतो. ब्रिटनमध्ये 1986 मध्ये ओळखल्या गेलेल्या गायींच्या रोगाने 1,80,000 हून अधिक गुरे ग्रासली. मांस व हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात घातल्याने तो पसरला, आणि त्यापासून मनुष्यास होणारा नवा प्रकार 1996 मध्ये उघडकीस आला. शेळ्यामेंढ्यांचा स्क्रेपी मनुष्यास होतो असा पुरावा मात्र मिळालेला नाही.

भारतापुरते पाहता, हिमालयाच्या दुर्गम पायथ्याकडील मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचे झ्लोट्निक आणि कटियार यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केले. येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेतल्याची आठवण सांगणारी माणसे आजही खेडोपाडी भेटतात. ती सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे. 1911 मध्ये कसौली येथे ती सिद्ध झाली आणि 2004 च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. तिचा वापर बंद होण्याचे मुख्य कारण प्रायॉन हे नव्हे. मेंदूतील द्रव्यामुळे काहींना होणारा पक्षाघात हे होय. तथापि, ब्रिटनमधील लसीचा अनुभव जमेस धरता, मेंदूपासून औषध करण्याची रीत मागे पडली हे योग्यच झाले.

जिल्ह्याच्या दृष्टीने विचार

प्रथम, अंग घासणारी प्रत्येक शेळी स्क्रेपीग्रस्त नव्हे. खरूज हे त्याचे फार अधिक संभवनीय कारण आहे, आणि कातडीच्या खरवडीत सूक्ष्मदर्शकाने कीटक दिसल्यास उपचाराने शेळी बरी होते. एक वर्षाच्या आतील करडास खाज असल्यास स्क्रेपीची शंका सहसा घेऊ नये. परंतु प्रौढ शेळी औषधास दाद न देता खंगत जाऊन, कंप व लटपट यांसह मेली, तर तिच्या मस्तिष्कस्तंभाचा नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत तपासणे आवश्यक आहे. निश्चित निदान तेथेच होते.

दुसरे, हा रोग विशेषतः विताना पडणारी वार व स्राव यांतून मातेकडून करडाकडे व कळपात जातो. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून वार उघड्यावर न टाकता चराईपासून दूर खोल पुरावी. इतर काही सांसर्गिक रोगांनाही याने आळा बसतो.

तिसरे, शेळ्यांत प्रायॉन प्रथिनाच्या 222 व्या स्थानी लायसीन किंवा 146 व्या स्थानी सेरीन असल्यास स्क्रेपीस मोठा प्रतिकार होतो. उस्मानाबादी कळपांत ही रूपे किती प्रमाणात आहेत, हा येथील विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे. मात्र एवढ्या एका गुणासाठी निवड करून जातीची काटकता व जुळी देण्याचा गुण गमावणे शहाणपणाचे नव्हे. बाहेरून, विशेषतः परदेशी रक्ताचे बोकड आणताना त्यांच्या मूळ कळपाचा आरोग्य-इतिहास पाहणे हा त्याहून सोपा उपाय होय.

झालेल्या रोगावर औषध नाही. जिथे उपचार नाही, तिथे वेळीच ओळख हेच संरक्षण; आणि ती ओळख प्रयोगशाळेच्या आधी शेळी राखणाऱ्याच्या नजरेस व्हावी लागते.