अरुंद तारेतून चेहरा

1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एटी अँड टीने ‘पिक्चरफोन’ मांडला, तेव्हा कॅमेराही होता आणि पडदाही. 1970 मध्ये पिट्सबर्गला सेवा सुरू झाली: महिन्याला 160 डॉलर, त्यात अर्धा तास बोलणे. गिऱ्हाईक फिरकले नाही. बोलताना लोकांना एकमेकांची तोंडे बघायचीच नव्हती, असे कारण सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. टेलिफोनवरच्या आवाजाला तीन-चार किलोहर्ट्झ पुरत, पिक्चरफोनच्या चित्राला 1 मेगाहर्ट्झ लागे. एका जोडतारेच्या जागी तीन जोड्या ओढाव्या लागत. मग दर उतरणार कसा?

ही कोंडी फोडणाऱ्यांत बंगळूरचे नासिर अहमद अग्रणी, आणि त्यांचे नाव आपल्याकडे किती कमी ऐकू येते! अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना 1972 मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेसाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. काम थांबले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ प्रसिद्ध केले. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकातले ठळक चढउतार राखायचे, डोळ्याला न जाणवणारा बारकावा सोडायचा.

व्हिडिओ संभाषणाच्या 1990 च्या एच.261 मानकाने हीच रीत घेतली आणि मागच्या फ्रेमपेक्षा बदलले तेवढेच पाठवण्याची जोड दिली. 352 गुणिले 288 ठिपक्यांचे चित्र सेकंदाला 30 फ्रेमनी कच्चे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे 36 मेगाबिट लागतात. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेच्या दोन वाहिन्या मिळून 128 किलोबिट मिळत. एवढी तफावत कोडेकने, म्हणजे चित्र आकसून पाठवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या यंत्रणेने, भरून काढायची होती. हालचाल अडखळे, चेहरा चौकटींत फुटे, तरी समोरचा माणूस दिसे.

1996 मध्ये एच.323 हे मानक आले आणि संभाषण पॅकेटच्या जाळ्यांवर गेले. आयएसडीएनवर कॉल संपेपर्यंत वाट राखीव असे. इथे पॅकेटे मागेपुढे पोचतात, काही हरवतात. ती बफरमध्ये फार वेळ थोपवली तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात. म्हणून आवाजाच्या एकेरी प्रवासाला 150 मिलिसेकंदांची मर्यादा महत्त्वाची ठरली.

पडद्यावरचा माणूस न्यायालयात चालेल का, हा प्रश्नही उभा राहिला. मुंबईतल्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली.

2020 मध्ये घरे वर्ग आणि कचेऱ्या झाली, तेव्हा अरुंदपणा दुसऱ्या बाजूला सापडला. अनेक घरगुती जोडण्या डाउनलोडसाठी ऐसपैस होत्या, अपलोडसाठी चिंचोळ्या. ऐकताना सगळे नीट दिसे आणि बोलू लागताच आपलाच चेहरा इतरांच्या पडद्यावर गोठे.