जीवसमुदायातील परस्परसंबंधांचे जाळे

अन्नसाखळी ही संकल्पना आपणांस परिचित आहे. गवत, नाकतोडा, सरडा, शिक्रा अशी ती एका रेषेत मांडता येते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक जीव एकाच वेळी अनेक संबंधांत गुंतलेला असतो आणि त्यांतून जाळे निर्माण होते. हे जाळे कसे विणले जाते, ते कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण भागातील वडाच्या आधारे पाहू.

जाळे विणणारे घटक

१. भेट : दोन जीव एकाच ठिकाणी, एकाच काळी असल्याखेरीज त्यांच्यात संबंध जुळत नाही. उन्हाळ्यात माळ सुकलेला असताना वडाला फळे येतात. म्हणून साळुंकी, बुलबुल, तांबट, कोकीळ आणि वटवाघूळ तेथे एकत्र येतात.

२. शरीररचनेचा मेळ : बांडगुळाच्या नळीसारख्या फुलातील मध शिंजिराच्या लांब, बाकदार चोचीला सहज मिळतो, साळुंकीच्या आखूड चोचीला तो तसा मिळत नाही.

३. संख्या : विपुल असलेल्या जातीची गाठ अधिक जातींशी पडते, साहजिकच तिचे संबंधही अधिक असतात.

यांखेरीज, दीर्घकाळ एकमेकांच्या सहवासात उत्क्रांत झालेल्या जातींचे नाते अतिशय घट्ट बनते. वडाची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोलकाच्या आत दडलेली असतात. चिलटाएवढ्या एका विशिष्ट कीटकाची मादी बारीक छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि तेथेच अंडी घालते. तिच्या पोटच्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य अवघे एकदोन दिवसांचे असते. एका वडाची फळे साधारणपणे एकदमच पिकतात. त्यामुळे त्यांना तेवढ्या अवधीत योग्य अवस्थेतील दुसरा वड गाठावा लागतो.

जाळ्याची घडण

वडाचे पाखरांशी असलेले नाते सैल व अनेकपदरी आहे. कीटकाशी असलेले नाते एकनिष्ठ आहे. जॉर्डी बास्कोम्प्टे, पेद्रो जॉर्डानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये परागीभवनाच्या व बीजप्रसाराच्या अनेक जाळ्यांची तुलना केली. मोजकेच संबंध असलेल्या जाती बहुधा पुष्कळ संबंध असलेल्या जातींनाच जोडलेल्या असतात, असे त्यांना आढळले. अशी घडण जाळ्याला स्थैर्य देते. एखादे पाखरू कमी झाले, तरी वडाचे बी पसरत राहते. परंतु वडासारखा मध्यवर्ती जीवच नाहीसा झाला, तर त्याच्यावर विसंबलेले अनेक धागे एकदम तुटतात.

एक विचारणीय प्रसंग

कवठे महांकाळशेजारच्या मिरज तालुक्यातील भोसे येथे सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड होता. महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. लोकांनी आवाज उठवला आणि २०२० मध्ये रस्त्याच्या आखणीत बदल करून तो वाचवण्यात आला. पुढे २०२२ मध्ये पावसाळ्यात तो कोसळला. एक वृक्ष वाचवणे मोलाचे होतेच. पण कोणताही वृक्ष अमर नसतो. कीटकाला दुसरा वड लागतो, हे ध्यानात घेतले, तर परिसरात निरनिराळ्या वयाचे अनेक वड असणे का आवश्यक आहे, हे उमगते. संवर्धन करावयाचे ते सुट्या जीवाचे नव्हे, तर त्याच्या संबंधांचे.

स्वाध्याय

आपल्या गावातील एखादा वड, पिंपळ किंवा उंबर निवडा. आठवडाभर सकाळी अर्धा तास निरीक्षण करून तेथे येणाऱ्या जीवांची नोंद करा. प्रत्येक जीव झाडाकडून काय घेतो व झाडाला काय देतो, हे रेषांनी दाखवा. झाड काढून टाकल्यास यांतील कोणते जीव अन्यत्र जगू शकतील, हे सकारण लिहा.