टाळूवरची न दुखणारी गाठ

"दुखत नाही ना, मग राहू दे!" तोंडातल्या गाठीबद्दल आपल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येते. जीभ टाळूला लावली की एका बाजूला टणक, गुळगुळीत काहीतरी लागते. वर्ष-दोन वर्षे अशीच जातात. दादीची कवळी बसेनाशी झाली की मग दवाखाना आठवतो.

तोंडात मोठ्या लाळग्रंथींशिवाय सुमारे ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी असतात. त्यांच्या गाठी सर्वाधिक टाळूवरच होतात. यातल्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींत 'प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा' ही नेहमीची. ती बहुधा पुढची कडक आणि मागची मऊ टाळू जिथे मिळते तिथे, मध्यरेषेच्या एका बाजूला येते आणि सावकाश वाढते.

मात्र बारीक लाळग्रंथींच्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या कर्करोगाच्या निघतात आणि सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून नुसते पाहून "साधी आहे" असे कोणी ठरवू नये. सुईने पेशी घेऊन किंवा छोटा तुकडा काढून तपासणी होते. हाडाची स्थिती सीटी स्कॅनमध्ये कळते.

साध्या गाठीचा इलाज शस्त्रक्रियाच. गोळ्यांनी किंवा काढ्याने ती विरघळत नाही. वरचा पापुद्रा चिरून गाठ नुसती खरवडून काढणेही चुकीचे. तिचे आवरण पातळ, कुठे कुठे अपुरे असते. पेशी मागे राहिल्या तर कित्येक वर्षांनीही गाठ पुन्हा उद्भवते. म्हणून गाठ, तिच्यावरची त्वचा, भोवतालची थोडी निरोगी कड आणि खालचे हाडावरचे आवरण असे सगळे एकत्र काढतात. हाड नुसते दबलेले असेल तर बहुधा तसेच ठेवतात. पूर्ण भूल दिली जाते आणि तोंड मोकळे राहावे म्हणून श्वासाची नळी बहुतेक वेळा नाकातून घालतात.

कडक टाळूवरची जखम पुष्कळदा टाके न घालता उघडीच ठेवतात. हे पाहून घरचे घाबरतात, पण ती काही आठवड्यांत तळापासून भरून येते. आधीच माप घेऊन बनवलेली प्लेट तिला झाकते. तोवर खिमट, दूध, मऊ खिचडी असा कोमट आहार घ्यावा. मऊ टाळूला भोक राहिले तर पाणी नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते. त्यावर शेजारची त्वचा वळवून किंवा प्लेट बसवून उपाय करतात.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत गेली का, हे जरूर विचारावे. रिपोर्ट जपून ठेवावा आणि पुढची काही वर्षे तपासणी चुकवू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुखशल्यचिकित्सेचे विभाग आहेत.

फार वर्षे राहिलेली साधी गाठही क्वचित कर्करोगात बदलते. शिवाय लहान गाठीची जखम लहान असते. घरातल्या कुणाच्या टाळूवर फुगवटा असेल, तर न दुखणारा असला तरी याच आठवड्यात दाखवा.